भिंतीपलीकडचा माणूस : क्ष-किरण कक्षाच्या सुरक्षिततेचा इतिहास

नांदेडची डॉक्टर लेन आणि लातूरच्या गंजगोलाईच्या आसपासचे दवाखाने मराठवाड्यातील रुग्णांना चांगलेच परिचित आहेत. हात मोडला, खोकला हटेना, कंबर धरली, की डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन रुग्ण ज्या खोलीपुढे येऊन बसतो, त्या खोलीच्या दारावर लाल दिवा असतो आणि पिवळ्या फलकावर तीन पात्यांचे चिन्ह असते. दार लावले जाते, दिवा लागतो, क्षणभर आवाज होतो आणि काम संपते. आत गेलेल्या रुग्णाला रोगनिदानाचा लाभ होतो. त्याच क्षणी दाराबाहेरच्या स्टुलावर बसलेला शिपाई, भिंतीला लागून असलेल्या खोलीतील कारकून आणि खालच्या मजल्यावरील दुकानात कापड मोजणारा गुमास्ता यांना त्या किरणांपासून कसलाही लाभ नसतो. या माणसांचा विचार कधी सुरू झाला, कोणी केला आणि तो आपल्या गावच्या दवाखान्याच्या भिंतीपर्यंत कसा येऊन पोहोचला, हा इतिहास फारसा सांगितला जात नाही.

जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटजेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी या अज्ञात किरणांचा शोध लागला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत, हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर सर्जन-मेजर बीव्हर हे जखमी सैनिकांच्या शरीरातील गोळ्या या किरणांच्या साहाय्याने शोधत होते. इतक्या वेगाने जगभर पसरलेले दुसरे वैद्यकीय साधन त्या काळात क्वचितच असेल. धोक्याची जाणीवही तितक्याच लवकर झाली होती. पहिल्याच वर्षी केस गळणे, कातडी भाजणे, बोटांवर जखमा होणे असे अनुभव नोंदले गेले. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली यांचे हात या किरणांमुळे कापावे लागले आणि १९०४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. एडिसन यांनी या कामाकडे पाठ फिरवली. जर्मनीतील हँबर्ग शहरात एका रुग्णालयाच्या आवारात १९३६ साली या किरणांना बळी पडलेल्यांचे स्मारक उभारण्यात आले. त्यावर प्रारंभी दीडशेहून अधिक नावे होती, पुढे त्यांत भर पडत गेली. ही नावे डॉक्टरांची, शास्त्रज्ञांची, तंत्रज्ञांची व परिचारिकांची, म्हणजे खोलीच्या आत काम करणाऱ्यांची आहेत. खोलीबाहेर बसणाऱ्यांची गणना कोणी केली नव्हती.

१९२८ साली स्टॉकहोम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत संरक्षणासाठी एक समिती नेमली गेली. १९५० मध्ये तिची पुनर्रचना होऊन आजचा आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोग अस्तित्वात आला. त्या पहिल्या समितीच्या शिफारशी आज वाचताना मौज वाटते. दिवसाला सात तासांपेक्षा अधिक काम नको, आठवड्यात पाचच दिवस काम असावे, वर्षाला किमान एक महिना रजा द्यावी आणि सुट्टीचा वेळ शक्यतो मोकळ्या हवेत घालवावा. किरणांचे माप घेण्याची साधने अपुरी असल्याने घड्याळ व पंचांग यांवरच भिस्त ठेवावी लागली. १९३४ मध्ये प्रथमच आकडा आला. कर्मचाऱ्यास दररोज ०.२ राँटजेन एवढी मात्रा चालेल, असे ठरले. वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले तर आजच्या परिमाणात ती सुमारे ६०० मिलिसिव्हर्ट होते. आज कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. साठ-सत्तर वर्षांत मर्यादा सुमारे तीस पटींनी खाली आली. सर्वसामान्य नागरिकासाठी वेगळी मर्यादा असावी हा विचार तर पन्नासच्या दशकात रुजला, म्हणजे शोध लागल्यानंतर अर्धे शतक उलटून गेल्यावर. प्रथम ती वर्षाला ५ मिलिसिव्हर्ट होती. १९८५ मध्ये आयोगाने १ मिलिसिव्हर्ट हीच मुख्य मर्यादा मानली. भिंतीपलीकडच्या माणसाला शास्त्राच्या वहीत स्वतःचा रकाना मिळाला, तो असा उशिरा.

या काळात मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नांदेडचा रुग्ण मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गाने हैदराबादला उस्मानिया रुग्णालयात जाई. लातूर बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांनी १९११ मध्ये जोडले गेले आणि १९२७ पासून ती गाडी थेट मिरजेपर्यंत जाऊ लागली. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचे डॉ. वॉनलेस यांचे नाव तेव्हा दूरवर पोहोचले होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १९५६ मध्ये औरंगाबादला, १९७४ मध्ये अंबाजोगाईला, १९८८ मध्ये नांदेडला आणि २००२ मध्ये लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाली. लातुरात डॉ. अशोक कुकडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्येच विवेकानंद रुग्णालय सुरू केले होते. खाजगी दवाखाने वाढले आणि त्यांच्याबरोबर यंत्रेही वाढली. यंत्र आणण्यासाठी हैदराबाद किंवा मुंबई गाठली की काम होत असे. ते कोणत्या खोलीत बसवावे, हे मात्र पुष्कळदा जागेच्या सोयीवर ठरे.

सुरक्षेची विद्या आपल्या राज्यात मुंबईतून आली. ३ जानेवारी १९५४ रोजी तुर्भे येथे अणुऊर्जा संस्था स्थापन झाली. डॉ. होमी भाभा यांच्या निधनानंतर १९६७ मध्ये तिला त्यांचे नाव देण्यात आले. अणुभट्टी उभारायची तर तेथील कामगारांच्या अंगावर किती किरण पडतात याचा हिशेब रोजच्या रोज ठेवणे अनिवार्य होते. त्या गरजेतून जी शाखा वाढली, तिने पन्नासच्या दशकातच छायाचित्राच्या फिल्मचा छोटा तुकडा असलेला बिल्ला तयार करून देशभरातील रुग्णालयांना पुरविण्यास आरंभ केला. फिल्म जितकी काळी, तितकी मात्रा अधिक. १९७५ पासून तिच्या जागी टीएलडी बिल्ला आला. यातील छोट्या चकत्या किरणांची ऊर्जा साठवून ठेवतात आणि तापविल्यावर तिच्या प्रमाणात प्रकाश देतात. छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत तो लावायचा आणि दर तीन महिन्यांनी मोजणीसाठी पाठवायचा. व्यापाऱ्याची तिमाही आवराआवर असते तसाच हा प्रकार. कित्येक ठिकाणी बिल्ला एप्रनसकट यंत्राच्या खोलीतील खुंटीला टांगलेला राहतो. मग अहवालात भलताच आकडा येतो आणि जो तंत्रज्ञ त्या दिवशी रजेवर होता, त्याला खुलासा द्यावा लागतो.

बिल्ला हा आतल्या माणसाचा हिशेब झाला. बाहेरच्याला बिल्ला देता येत नाही, त्याच्यासाठी जागाच मोजावी लागते. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली १९७१ मध्ये किरणोत्सर्ग संरक्षणाचे नियम आले, १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले आणि २००४ मध्ये नवे नियम १९७१ च्या नियमांच्या जागी आले. त्या नियमांत दोन शब्द विशेष महत्त्वाचे आहेत. जेथे नेहमीच्या कामातही संरक्षणाची खास तजवीज लागते, ते ‘नियंत्रित क्षेत्र’. जेथे तशी तजवीज लागत नाही, परंतु परिस्थितीवर लक्ष ठेवणे आवश्यक असते, ते ‘पर्यवेक्षित क्षेत्र’. यंत्राची खोली पहिल्या प्रकारात मोडते, यंत्र चालविणाऱ्याची जागा बहुधा दुसऱ्यात. त्यापलीकडचे सारे जग म्हणजे सर्वसामान्य जनता, तिच्यासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट.

ही क्षेत्रे कागदावर रेघा ओढून ठरत नाहीत. सर्वेक्षण करणारा तज्ज्ञ हातात मोजयंत्र घेऊन येतो. रुग्णाच्या जागी पाण्याने भरलेले भांडे ठेवतो, कारण मानवी शरीर किरणे जशी इतस्ततः विखुरते तशीच पाणीही विखुरते. यंत्र त्याच्या जास्तीत जास्त ताकदीवर चालवितो आणि एकेका ठिकाणी उभा राहून माप घेतो : चालकाच्या पडद्यामागे, दाराशी, दाराखालच्या फटीशी, खिडकीबाहेर, प्रतीक्षेच्या बाकावर, वरच्या मजल्यावर, खालच्या मजल्यावर. फट, कोपरा, विजेची तार जाण्यासाठी भिंतीला पाडलेले भोक, ही नेहमी घोटाळ्याची ठिकाणे.

मोजयंत्र ताशी आकडा दाखविते, आणि येथेच पुष्कळांचा गैरसमज होतो. यंत्र तासन् तास चालत नाही. एका गजबजलेल्या केंद्रात दिवसाला ५० प्रमाणे आठवड्याला ३०० फिल्म काढल्या जातात असे धरू. एका फिल्मला सरासरी ४० मिलिअँपिअर-सेकंद लागतात आणि यंत्र १०० मिलिअँपिअरवर चालते असे मानले, तर एका फिल्मला ०.४ सेकंद लागतो आणि संपूर्ण आठवड्यात किरणे प्रत्यक्षात फक्त १२० सेकंद, म्हणजे दोन मिनिटे बाहेर पडतात. शेजारच्या कारकुनाच्या टेबलाशी मोजयंत्राने ताशी १०० मायक्रोसिव्हर्ट दाखविले, तर त्या कारकुनाच्या वाट्याला आठवड्यात ३.३ मायक्रोसिव्हर्ट येतात. जनतेसाठीची वार्षिक मर्यादा ५० आठवड्यांत वाटली तर आठवड्याला २० मायक्रोसिव्हर्ट होतात. कारकून निर्धास्त बसू शकतो.

आता दाराचा विचार करू. दाराला शिशाचा पत्रा बसवलेला नाही आणि बाहेरच्या बाकाशी मोजयंत्र ताशी १००० मायक्रोसिव्हर्ट दाखविते, असे समजा. जो रुग्ण अर्धा तास त्या बाकावर बसला आणि तेवढ्यात आत चार फिल्म निघाल्या, त्याला अर्धा मायक्रोसिव्हर्टही मिळत नाही. माती, हवा आणि अंतराळ यांपासून प्रत्येक मनुष्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. त्या मानाने ही मात्रा निसर्गाच्या पावणेदोन तासांएवढी आहे. परंतु त्याच बाकाशेजारी ज्या शिपायाचे स्टूल आहे, तो सर्व ३०० फिल्म निघताना तेथेच असतो. त्याला आठवड्यात ३३ मायक्रोसिव्हर्ट आणि वर्षात सुमारे १.६५ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे मर्यादेच्या दीडपटीहून अधिक. जागा एकच, किरणे तीच, माणसे दोन आणि हिशेब दोन. इतक्या मात्रेने शिपाई आजारी पडेल असे कोणताही जाणकार म्हणणार नाही. मर्यादा ही सावधगिरीची रेषा आहे, आजाराची नव्हे. तरीही ज्याला फायदा नाही आणि ज्याची संमती कोणी विचारलेली नाही, त्याच्या खात्यावर ही रक्कम टाकण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही. यावर उपाय दोन. दाराला शिशाचा पत्रा लावणे हा पहिला. दुसरा फुकटचा आहे. अंतर दुप्पट केले की किरणांची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते. यंत्रापासून तीन मीटरवरील स्टूल सहा मीटरवर नेले तर ३३ चे सुमारे ८ होतात.

दाराइतकेच भिंतीचे महत्त्व. नियामक मंडळाच्या २००१ च्या संहितेनुसार ज्या भिंतीवर किरणांचा सरळ झोत पडतो ती ३५ सेंटिमीटर विटांची, इतर भिंती २३ सेंटिमीटरच्या आणि दाराला १.७ मिलिमीटर जाडीचे शिसे, असा दंडक होता. साध्या यंत्रासाठी खोली किमान १८ चौरस मीटरची सांगितली होती. २३ सेंटिमीटर म्हणजे आपल्याकडे गवंडी जिला नऊ इंची भिंत म्हणतो ती, आणि ३५ म्हणजे जवळजवळ चौदा इंची. मराठवाड्याच्या संदर्भात यात एक विचित्र योगायोग आहे. या भागातील जुन्या घरांच्या दगड-मातीच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड होत्या आणि त्यांवर मातीचे जड माळवद असे. अशा भिंतीतून क्ष-किरण पलीकडे जाणे कठीणच. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच भिंतींनी हजारो माणसांचे प्राण घेतले. हाडे मोडलेल्या जखमींना लातूर, उमरगा, सोलापूर येथील रुग्णालयांत नेण्यात आले. अशा आपत्तीत रुग्णाला यंत्राच्या खोलीत नेण्याइतकी उसंत नसते. खाटांजवळ फिरते यंत्र न्यावे लागते आणि तेथे भिंत ही संरक्षणाची बाब राहतच नाही, तेथे फक्त अंतर आणि एप्रन कामी येतात. भूकंपानंतर जिल्ह्यात लोकांचा ओढा सिमेंटच्या खांब-तुळयांच्या बांधकामाकडे वाढला. त्या बांधकामात खांब व तुळया भार पेलतात, म्हणून मधल्या भिंती साडेचार इंचांच्या घातल्या तरी इमारत उभी राहते. घर भूकंपाला टिकण्यासाठी हे उत्तम. पुढे त्यातील दोन गाळे भाड्याने घेऊन कोणी क्ष-किरण केंद्र थाटले, तर साडेचार इंची भिंत पुरी पडत नाही, आणि पलीकडचा गाळा एखाद्या कापड दुकानाचा असतो.

यंत्राचे बटण बंद केले की क्ष-किरण संपतात. खोलीत काही उरत नाही, भिंती दूषित होत नाहीत, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसल्याने उगाच भीती बाळगली जाते. कोबाल्टची गोष्ट निराळी. कर्करोगाच्या उपचारासाठी वापरला जाणारा कोबाल्ट-६० हा पदार्थ रात्रंदिवस किरणे सोडतो आणि त्याची ताकद निम्मी व्हायला सव्वापाच वर्षे लागतात. ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ साली बंद पडलेल्या दवाखान्यातून सीझियमचा स्रोत भंगारात गेला, चार जण दगावले आणि लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. आपल्या देशात २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाने विकलेल्या जुन्या उपकरणातील कोबाल्ट मायापुरीच्या भंगार बाजारात फोडला गेला आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. विकणारे सुशिक्षित होते, घेणारे अनभिज्ञ होते. जुने यंत्र मोडीत काढताना त्यात किरणोत्सर्गी पदार्थ आहे की नाही, एवढा एक प्रश्न विचारला गेला असता तर तो मनुष्य वाचला असता.

नियम होते, संहिता होती, मंडळही होते. मग प्रत्यक्षात काय घडले ? भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१२ मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात याचे उत्तर आहे. देशातील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी केवळ ५,२७० केंद्रांची नोंदणी झालेली होती. उरलेली ५२,१७३, म्हणजे ९१ टक्के, नियमनाच्या बाहेर होती. प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय स्थापावे असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच सांगितले होते. अकरा वर्षांनंतर ते केवळ केरळ व मिझोराम येथे अस्तित्वात होते. नोंदणी नाही म्हणजे भिंत पातळच असेल असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. नऊ इंची भिंती बांधणारे जुने डॉक्टर कमी नव्हते. परंतु मोजले गेले नाही, म्हणून कोणालाही खात्रीने काही सांगता येत नव्हते. जमाखर्च न लिहिलेल्या दुकानात नफा आहे की तोटा, हे मालकालाही सांगता येत नाही, तशातला हा प्रकार. त्यानंतर मंडळाने नोंदणीचे काम संगणकीय प्रणालीवर आणले आणि २०१६ मध्ये सुधारित संहिता काढली.

धर्मादाय संस्थांनी चालविलेल्या दवाखान्यांना हा विषय अधिक लागू पडतो. २००४ च्या नियमांनी जबाबदारी प्रथम नियोक्त्यावर टाकली. खाजगी दवाखान्यात तो डॉक्टर असतो, विश्वस्त संस्थेच्या दवाखान्यात ती संस्थाच असते, म्हणजे तिचे अध्यक्ष व विश्वस्त. समाजातील दानशूर मंडळी यंत्रासाठी सढळ हाताने देणगी देतात, संगमरवरी फलकावर नाव कोरले जाते, उद्घाटनाला मान्यवर येतात. शिशाचा पत्रा, दुरुस्त केलेली भिंत आणि दर तीन महिन्यांनी पाठवावयाचे बिल्ले यांसाठी देणगी मागावयास कोणी जात नाही आणि कोणी आपणहून देतही नाही. ही रक्कम यंत्राच्या किमतीपुढे किरकोळ असते. अंदाजपत्रकात ती शेवटच्या ओळीत येते आणि पुष्कळदा पहिल्या कात्रीत जाते.

यंत्राच्या खोलीचा आराखडा नोंदणीसाठी सादर करताना चारही बाजूंना आणि वर-खाली काय आहे ते दाखवावे लागते. त्यात माणसांची नावे नसतात, जागेचा वापर लिहिलेला असतो : प्रतीक्षा, लेखनिक, औषधांचे दुकान, जिना, मोकळी जागा. शिपाई बदलतो, निवृत्त होतो, स्टूल मात्र त्याच कोपऱ्यात राहते. खोलीत नवे यंत्र आले, मधली भिंत पाडली, किंवा मागच्या गोदामात शिकवणीचे वर्ग सुरू झाले (आणि लातुरात असे वर्ग सुरू व्हायला वेळ लागत नाही), तर तज्ज्ञाला पुन्हा बोलावून, पाण्याचे भांडे ठेवून, तेच कोपरे व त्याच फटी नव्याने मोजाव्या लागतात.